ओल्ड येलर : याला कौटुंबिक सिनेमा म्हणायचं का?

घडीची_पोळी
आधीच सांगते, धाग्यात शेवट फोडलेला आहे. ज्यांना 'ओल्ड येलर' अजून बघायचाय त्यांनी इथूनच मागे फिरा. (सिनेमा १९५७ चा आहे, त्यामुळे नंतर येऊन भांडू नका.)

शनिवारी संध्याकाळी धो धो पाऊस, खाली खेळायला जाता येईना, आठ वर्षांची लेक डोकं खात होती. "कुत्र्याचा पिक्चर लाव." डिस्नेचा, कुत्र्याचा, जुना, म्हणजे मारामारी-बिरामारी नसणार, असा हिशेब करून हा लावला. मी स्वतः आधी पाहिलेला नव्हता. इथेच माती खाल्ली.

गोष्ट थोडक्यात: अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलंय, टेक्सासच्या रानातलं एकटंदुकटं घर. बाप गुरं घेऊन कॅन्ससला गेलाय, रोख पैसा आणायला. मागे आई, पोरसवदा ट्रॅव्हिस आणि शेंडेफळ आर्लिस. कुठून तरी एक थोराड पिवळा कुत्रा उगवतो, नांगराच्या खेचराला बिथरवून कुंपण मोडायला लावतो, टांगलेलं मांस पळवतो. ट्रॅव्हिस त्याच्या जिवावर उठलेला, आर्लिस त्याच्या गळ्यात पडलेला. मग तोच कुत्रा आर्लिसला अस्वलिणीपासून वाचवतो, नंतर ट्रॅव्हिसला रानडुकरांच्या कळपातून. इथपर्यंत लेक सोफ्यावर उड्या मारत होती. पुढे तो घरच्यांवर चालून आलेल्या लांडग्याशी झुंजतो. लांडगा पिसाळलेला असतो. कुत्र्याला मक्याच्या कोठीत कोंडतात आणि वाट बघत बसतात. एक दिवस तो ट्रॅव्हिसवरच दात विचकून धावतो. ट्रॅव्हिस बंदूक हातात घेतो.

गोळीचा आवाज आला आणि मी घाबरून टीव्ही बंद केला.

लेक रडली असती तर परवडलं असतं. ती गप्प उठली, आत गेली, तिचं कापडी कुत्रं आहे (नाव लाडू, झोपताना उशाशी लागतंच) ते कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवलं आणि बाहेरून कडी लावली. म्हटलं, अगं लाडूला काय झालंय? तर म्हणे, "ते लगेच कळत नसतं."

आज तिसरा दिवस. लाडू कपाटात.

नवरा म्हणतो, आधी बघायला नको होतंस का? सासूबाई म्हणतात, असली पिक्चरं लावताच कशाला, रामायण लावा. मला एवढंच विचारायचंय: पोरांना हा सिनेमा दाखवावा का? आणि दाखवून झालाच असेल तर आता काय करावं?

चहाटळ
पहिला! आता वाचतो.

नुसतीच_वाचक
अगं बाई, हाच तो! 'फ्रेंड्स'मधल्या फीबीची आई शेवट यायच्या आत टीव्ही बंद करायची, त्यामुळे तिला मोठी होईपर्यंत माहीतच नसतं की कुत्रा मरतो. तू फीबीची आई झालीस की! फक्त पाच मिनिटं उशिरा.

चहाटळ
वाचलं. पहिला आलो नसतो तर बरं झालं असतं.

आणि सासूबाईंना सांगा, रामायणात जटायूचे पंख छाटतात ते काय कौटुंबिक आहे?

अण्णा_बोरीबंदर
घडीची_पोळी ताई, तुमच्या पिढीचं मला नवल वाटतं. आम्हाला कुणी विचारलं होतं का, बाळ, तुला झेपेल का म्हणून? शाळेने दोन-दोनच्या रांगेत 'श्यामची आई'ला नेलं होतं. अख्खं थिएटर हुंदके देत होतं, मास्तरही रडत होते. बाहेर आल्यावर चणे मिळाले, घरी आलो आणि आईच्या पदराला धरून बसलो. झालं. दुसऱ्या दिवशी गोट्या खेळलो. मराठी माणसाने 'कौटुंबिक सिनेमात कुणी मरतं का हो' असं विचारावं म्हणजे कमालच आहे. आपला तर पहिला नियमच तो. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक आपण रडवूनच मिळवलंय.

मुलं रडली म्हणजे बिघडली असं नाही. लाडू आपणहून बाहेर येईल.

घडीची_पोळी
अण्णा, पण ती रडली कुठे? तोच तर घोळ आहे.

खमंग_काकडी
अण्णांशी अर्धी सहमत. 'श्यामची आई'त आई आजाराने जाते, त्यात श्यामला काही करावं लागत नाही. इथे त्या पोराच्या हातात बंदूक आहे. दोन्ही एका पारड्यात नका घालू.

माझा आक्षेप वेगळाच आहे. एवढी धडधाकट आई घरात असताना गोळी पोराने का घालायची? 'आता तू घरातला पुरुष' हे जे बाप जाताना गळ्यात मारून जातो ना, ते मला पूर्ण सिनेमाभर टोचत राहिलं. वर शेवटी परत आल्यावर बाप व्याख्यान देतो की आयुष्य कधीकधी विनाकारण उताणं पाडतं, तेवढंच धरून बसायचं नाही. अहो, तुम्ही होता कुठे?

गल्लीतला_प्रोजेक्टर
खमंग_काकडी, एक दुरुस्ती. आई पोराला पुढे ढकलत नाही. कुत्रा पिसाळल्याचं दिसताच तीच बंदूक घेऊन येते. ट्रॅव्हिस म्हणतो की तो माझा कुत्रा होता, मी करतो. सगळा सिनेमा त्या एका वाक्यासाठी रचलाय. कारण पहिल्या अर्ध्या तासात हाच पोरगा 'तो माझा कुत्रा नाही' म्हणून घसा फोडत असतो.

कादंबरी फ्रेड गिप्सनची, १९५६ ची. पटकथेतही त्याचा हात होता. तरी पुस्तकात आणि सिनेमात एक मोठा फरक आहे. पुस्तकात वाट बघणं नाहीच. लांडगा मेला, तो पिसाळलेला होता हे कळलं, आणि त्याच रात्री ट्रॅव्हिस गोळी घालतो. कुत्रा तेव्हा अगदी शहाणासुरता आहे, नुकताच जीव वाचवून उभा आहे. कोठीत कोंडणं, आशा लावणं, मग गुरगुरणं, हे सगळं सिनेमाने घातलंय.

दिग्दर्शक रॉबर्ट स्टीव्हन्सन, पुढे 'मेरी पॉपिन्स' केला तोच. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत २०१९ साली 'ओल्ड येलर' घेतला गेला. तिथे एक अख्खी पिढी आहे जिला नुसतं नाव काढलं तरी आवंढा येतो.

खमंग_काकडी
बंदूक घेऊन येते हे खरं, विसरले होते. मुद्दा निम्मा मागे. निम्मा तसाच, बापाचं व्याख्यान मला नाही म्हणजे नाही पटलं.

पण पुस्तकातलं ऐकून अंगावर काटा आला. चांगल्या कुत्र्याला मारायचं? मग सिनेमावाल्यांनी दयाच केली म्हणायची.

गल्लीतला_प्रोजेक्टर
दया कुणावर? प्रेक्षकावर. कुत्रा अंगावर आला की आपल्याला ट्रॅव्हिसला माफ करायला सोपं जातं. पुस्तकात ती सोय नाही. मला पुस्तकाचा शेवट जास्त प्रामाणिक वाटतो. पण आठ वर्षांच्या पोरीला विचाराल तर ते कोंडून वाट बघणंच जिव्हारी लागणार. लागलंच आहे.

माणदेशी_खिल्लार
सिनेमा मी पाहिलेला नाही. पण धागा वाचून उठताच येईना, म्हणून लिहितोय.

मी तिसरीत होतो. आमच्या वस्तीवर काळू होता. जातीचा वगैरे नाही, असाच, मेंढरांच्या मागं फिरणारा. एका पहाटे रानातून एक पिसाळलेलं कुत्रं वस्तीत शिरलं. काळूनं त्याला गोठ्याच्या तोंडाशीच अडवलं. नाहीतर आत दावणीला दोन बैल, एक गाभण गाय. ते कुत्रं गड्यांनी पलीकडच्या ओढ्यात काठ्यांनी मारलं. काळूच्या कानाला आणि ओठाला चावे.

आजोबांनी त्याला लिंबाला साखळीनं बांधला आणि आम्हा पोरांना सांगितलं, ह्या रेघेच्या पुढं जायचं न्हाई. काठीनं मातीत रेघ ओढली होती. आजी लांबूनच भाकरी टाकायची. आम्ही रेघेवर बसून त्याच्याशी गप्पा मारायचो. माझा थोरला भाऊ आणि मी, खोटं कशाला बोलू, दोनदा रेघ ओलांडली. त्यानं हात चाटले.

तीनेक आठवड्यांनी एका सकाळी भाकरी तशीच पडलेली. काळू भुंकला तर आवाज त्याचा नव्हता. घोगरा, मधेच फाटल्यासारखा. आजोबांनी आम्हाला मळ्यात पाठवलं, मोटार बंद करून या म्हणाले. मोटार आधीच बंद होती. वीज नव्हतीच त्या दिवशी. आम्ही परत आलो तेव्हा लिंबाखाली साखळी होती. आजोबा पाय धूत होते. खड्ड्यात मीठ घालून पुरला असं नंतर कळलं.

मग रडत रडत हात चाटल्याचं कबूल केलं आणि आम्हा दोघांची वरात तालुक्याला. पोटात चौदा इंजेक्शनं. बेंबीच्या एका बाजूला आज, दुसऱ्या बाजूला उद्या. रोज तीच एसटी. चार दिवसांनी कंडक्टरच विचारायला लागला, "आज कितवं?" चौदाव्या दिवशी त्यानं दोघांना लिमलेटच्या गोळ्या दिल्या.

आजोबांनी आम्हाला मळ्यात पाठवलं ते बरं केलं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तो पोरगा म्हणाला ना, माझा कुत्रा आहे, मी करतो? आम्हाला तेवढं बोलायलाही मिळालं नाही.

आणि खमंग_काकडी ताई, बाप कुठे होता म्हणता? आमच्याकडे निम्मी वस्ती ऊसतोडीला जाते तेव्हा मागे कोण असतं? आजी, म्हातारा, पोरं. सहा महिने सगळे निर्णय तेच घेतात.

नुसतीच_वाचक
मोटार आधीच बंद होती... बास. मी जरा चहा करून येते.

खमंग_काकडी
माणदेशी_खिल्लार, बापाचा मुद्दा पूर्ण मागे. _/\_

ऑस्टिनची_कोथिंबीर
माणदेशी, किती शांतपणे लिहिलंय तुम्ही.

बापाबद्दल थोडी भर. युद्ध संपल्यावर टेक्सासात गुरं उदंड होती आणि रोकड शून्य. दक्षिणेच्या नोटांची रद्दी झालेली. उत्तरेत मांसाला भाव आणि कॅन्ससपर्यंत रेल्वे पोचलेली, म्हणून लोक महिनोन्महिने गुरं हाकत तिकडे न्यायचे. म्हणजे तो बाप मजा मारायला नव्हता गेला.

गिप्सनचं गाव मेसन. आमच्या ऑस्टिनहून दोनेक तासांवर. वसंतात आम्ही निळी रानफुलं बघायला त्या बाजूला जातो. गावच्या वाचनालयाबाहेर मुलाचा आणि कुत्र्याचा ब्राँझचा पुतळा आहे. माझ्या मुलाने त्या कुत्र्याच्या नाकाला हात लावून फोटो काढलाय. गंमत म्हणजे सिनेमा टेक्सासात नाही, कॅलिफोर्नियात चित्रित झालाय. इकडचे जुने लोक ते डोंगर बघून अजून नाकं मुरडतात.

नावाचं पण सांगते. 'येलर' म्हणजे 'यलो'चाच गावरान उच्चार, पिवळा. आणि 'येल' म्हणजे ओरडणं. त्याचं भुंकणं माणसाच्या ओरडण्यासारखं, म्हणून दोन्ही अर्थांनी येलर. मराठीत 'पिवळ्या' म्हटलं की निम्मा विनोद सांडतो.

चहाटळ
'कोकल्या' म्हणा. रंग जाईल, आवाज राहील.

गोठ्यातला_डॉक्टर
पशुवैद्यक आहे, पंचवीस वर्षं गावोगाव फिरतोय. त्यामुळे हा सिनेमा बघताना बायको मला गप्प बसवत होती.

आधी कौतुक. लांडग्याच्या आधी त्यांची गाय पिसाळते, आठवतंय? रोझ. अडखळत चालते, तोल जातो, विचित्र हंबरते. ते बरंचसं बरोबर दाखवलंय. माझ्या पाहण्यातल्या गायी अशाच. सतत हंबरणं, आवाज बसलेला, लाळ गळतेय, गिळता येत नाही. शेतकऱ्याला वाटतं घशात काहीतरी अडकलंय, आणि तो कोपरापर्यंत हात घालतो. हे कृपया करू नका. एकदा आमच्याकडे एका गायीपायी घरातल्या नऊ जणांना लस घ्यायला लावली होती, कारण प्रत्येकाने एकेकदा हात घालून बघितला होता. शेजारचा एक पाहुणासुद्धा त्यात होता, तो लग्नाची पत्रिका द्यायला आलेला.

सिनेमातली आई म्हणते की जाळाजवळ उभ्या असलेल्या माणसांवर कुठलाही शुद्धीतला लांडगा येणार नाही. तेही पटण्यासारखं. जंगली जनावराने भीती सोडली की संशय घ्यायचाच.

आता खटकलेलं. ते लोक या रोगाला पाण्याच्या भीतीच्या नावानेच ओळखतात, आपल्या जुन्या पुस्तकांतही जलसंत्रास लिहिलेलं असतं. पण पाण्याची ती भीती माणसात दिसते. जनावर पाण्याला भीत नाही, घशाचे स्नायू लुळे पडल्यामुळे त्याला गिळता येत नाही, एवढंच. कुत्र्यापुढे वाटी ठेवून 'पाणी प्यायला, म्हणजे ठीक आहे' असं समजू नये. फेसाचंही तसंच. काही कुत्री चवताळतात, काही नुसती कोपऱ्यात जाऊन पडतात. ती दुसरी जास्त धोक्याची, कारण लोक जवळ जातात.

कोंडून वाट बघणं मात्र बरोबर. चाव्यातून विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो, त्याला आठवडे लागतात, कधी महिने. माणदेशींच्या काळूला तीन आठवडे लागले, ते अगदी पुस्तकातल्यासारखं. दहा दिवसांचा जो नियम ऐकता तो वेगळा. *आपल्याला* चावलेला कुत्रा दहा दिवस धडधाकट राहिला तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं समजतात. पण म्हणून दहा दिवस हातावर हात ठेवून बसायचं नाही. जखम लगेच साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लस त्याच दिवशी सुरू करायची.

शंकेखोर
डॉक्टर, ती पोटातली चौदा इंजेक्शनं अजून असतात का? आमच्या घरी कुत्रा न पाळण्याचं हे एकमेव अधिकृत कारण होतं.

गोठ्यातला_डॉक्टर
नाही हो. ती सेम्पलची लस, १९११ साली कसौलीला तयार झालेली, मेंढ्यांच्या मेंदूपासून करायचे. मात्रा मोठी, म्हणून पोटावर जागा. भारतात २००५ च्या सुमारास ती बंदच झाली. आता दंडात चार-पाच, किंवा कातडीत थोडी थोडी. जखम खोल असेल तर तिथे इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडं) वेगळं. ते टाळू नका.

आणि ट्रॅव्हिसकडे हे काहीच नव्हतं, हे लक्षात घ्या. पाश्चरने पहिल्या मुलाला लस टोचली १८८५ साली. सिनेमातला काळ त्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीचा. चावा म्हणजे खेळ खलास, माणसाचाही. त्यामुळे त्या कोठीच्या दाराशी आर्लिस जातो आणि कडी काढायला बघतो तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. कुत्र्यासाठी नाही.

शंकेखोर
धन्यवाद. म्हणजे आता कुत्रा पाळायला हरकत नाही असा ठराव मांडतो. (घरचे हा धागा वाचत नाहीत.)

टेबलाखालचा_बोका
कुत्र्यांच्या धाग्यावर मांजराने बोलू नये, तरी. मुलांना दाखवायचाच तर 'लॅसी कम होम' दाखवा. १९४३ चा. गरिबीमुळे विकलेली कुत्री स्कॉटलंडहून यॉर्कशायरपर्यंत चालत घरी येते आणि शाळेच्या वेळेला फाटकाशी हजर. रडू येतं, पण गोड. छोटी एलिझाबेथ टेलरही आहे.

आणि एक खुसखुशीत माहिती. लॅसी कुत्री असली तरी काम करणारा पॅल हा कुत्रा होता, चांगला बाप्या. त्याला तयार करणारे रड वेदरवॅक्स. आणि 'ओल्ड येलर'मधल्या स्पाइकला तयार केलं त्यांच्याच भावाने, फ्रँक वेदरवॅक्सनी. स्पाइक प्राण्यांच्या निवाऱ्यातून उचललेला. म्हणजे दोन भाऊ, एकाने जगाला हसवून रडवलं, दुसऱ्याने नुसतंच रडवलं.

चहाटळ
बालगंधर्वांची परंपरा कुठवर पोचली पाहा.

बाय द वे, ट्रॅव्हिसचं काम करणारा टॉमी कर्क, त्याच्यावर नियतीने सूड उगवला. दोनच वर्षांनी डिस्नेच्याच 'द शॅगी डॉग'मध्ये तो स्वतःच कुत्रा होतो. नशीब, तिथे शेवटी कुणी गोळी घालत नाही.

गल्लीतला_प्रोजेक्टर
बोकोबा, लॅसी सुंदरच आहे. पण ती परीकथा. शेकडो मैल, नदी, वादळ, आणि शेवटी शाळेची घंटा. 'ओल्ड येलर' म्हणतो की कुत्रा घरीच आहे, दाराच्या मागेच आहे, आणि तरी तुम्ही दार उघडायचं नाही. दोन्ही निष्ठेच्याच गोष्टी. दुसरीत निष्ठा माणसाला दाखवायची आहे.

अण्णा_बोरीबंदर
युधिष्ठिर आणि श्वान! स्वर्गाच्या दाराशी इंद्र म्हणतो, कुत्र्याला सोड आणि रथात बस. धर्मराज म्हणतो, माझ्या आश्रयाला आलेल्याला सोडणार नाही. आमच्याकडे हे सगळं महाभारतात आधीच...

चहाटळ
अण्णा, विमान पण आधीच होतं का?

हिरवी_मिरची
आमच्या पिढीला 'तेरी मेहरबानियां' पुरेसा आहे. १९८५. जॅकी श्रॉफ मरतो आणि कुत्रा सूड घेतो. अमेरिकेत मालक कुत्र्याला मारतो, आपल्याकडे कुत्रा व्हिलनला. मला आपलाच शेवट जास्त न्याय्य वाटतो.

शंकेखोर
आणि 'हम आपके हैं कौन'मधला टफी. तो क्रिकेटचा निर्णय देतो, चिठ्ठी योग्य हातात पोचवतो, लग्न मोडण्यापासून वाचवतो. पिसाळायला वेळच नाही बिचाऱ्याला.

जपानी_छत्री
हाचिको कुणीच कसा काढला नाही? प्रोफेसर १९२५ मध्ये गेले आणि तो १९३५ पर्यंत शिबुया स्टेशनवर येत राहिला. जिवंतपणीच, १९३४ साली पुतळा उभा राहिला. मी तिथे गेले होते. लोकांनी भेटायची जागा म्हणून त्याला असं गजबजून टाकलंय की शांतपणे दोन अश्रू ढाळायलाही जागा नाही.

गडवाट
पुतळ्यांवरूनच विषय निघालाय तर आमच्या रायगडावरच्या वाघ्याबद्दल

संपादक
गडवाट, तो विषय वेगळ्या धाग्यावर आधीच साडेतीनशे प्रतिसादांनंतर कुलूपबंद झालेला आहे. इथे नको. तसंच भटक्या कुत्र्यांना खायला घालावं की नाही यावरचे अकरा प्रतिसाद उडवले आहेत. एकमेकांच्या सोसायटीचे पत्ते विचारणं बंद करा.

चहाटळ
पॉपकॉर्न फुकट गेले.

ऑस्टिनची_कोथिंबीर
घडीची_पोळी, गोळीच्या आवाजाला टीव्ही बंद केलास म्हणजे शेवटची काही मिनिटं राहिलीच की! येलरचं एक पिल्लू असतं. शेजारची लिझबेथ आधी आणून देते तेव्हा ट्रॅव्हिस त्याला हातही लावत नाही. शेवटी ते पिल्लू बापासारखीच मांसावर झडप घालतं आणि ट्रॅव्हिस विरघळतो. तुझ्या लेकीच्या डोक्यात अजून गोळीचाच आवाज असणार. पुढचं दाखव.

खमंग_काकडी
+१. पण 'बघ, नवीन कुत्रा आला, झालं' असं वरून सांगू नकोस. पिल्लू म्हणजे बदली कामगार नव्हे.

घडीची_पोळी
सगळ्यांना एकत्रच लिहिते, ऑफिसच्या गडबडीत यायला जमलं नाही.

पहिलं म्हणजे माणदेशी, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवला. तो काही बोलला नाही. रात्री लेकीच्या कपाटासमोर उभा होता.

डॉक्टरांचं वाचून लेकीला सांगितलं की ट्रॅव्हिसकडे लस नव्हती, आपल्याकडे आहे. तिचे प्रश्न: कुत्र्यांना पण देतात? दरवर्षी? लाडूला दिलीय का? म्हटलं, नाही. "मग?" आता काय बोलणार. घरातल्या जुन्या खोकल्याच्या औषधाबरोबर आलेली पिचकारी काढली आणि कपाट किलकिलं करून लाडूच्या पायाला टोचल्यासारखं केलं. तिने स्वतः वहीत तारीख लिहिली. पण सोडला नाही. मी चुकून दहा दिवस बोलून गेले होते, तेच तिने धरलं. डॉक्टर, तो नियम वेगळा आहे हे मला कळलंय, तिला समजावायची माझी ताकद नव्हती.

गोठ्यातला_डॉक्टर
कापडी कुत्र्याला चालतो दहा दिवसांचा. प्रमाणपत्र हवं असल्यास देतो.

घडीची_पोळी
काल दहावा दिवस.

आधी तिला विचारून सिनेमाची शेवटची मिनिटं लावली. पिल्लू आलं तेव्हा लगेच म्हणाली, "हा तो नाहीये." मी 'हो, नाहीये' एवढंच म्हटलं (खमंग_काकडी, तुझी आठवण ठेवून). पिल्लाने मांस पळवलं तेव्हा मात्र फस्सकन हसली आणि मग, दहा दिवसांनी, जी रडायला लागली ती माझा अख्खा खांदा भिजवून थांबली. अण्णा, चणे नव्हते, चकली दिली.

मग कपाट उघडलं. लाडू होता तसाच. पण तरी तिने स्वयंपाकघरातून वाटीभर पाणी आणून त्याच्यापुढे ठेवलं. म्हटलं, डॉक्टर म्हणालेत पाण्यावरून कळत नाही. तर म्हणे, "मला माहितीये. त्याला तहान लागली असेल ना." आणि तोंड बुडवलं त्याचं, मानेपर्यंत.

आता लाडू बाल्कनीत दोरीवर आहे, दोन्ही कानांना चिमटे लावून. आत भरपूर कापूस असल्यामुळे आणि बाहेर पाऊस असल्यामुळे वाळायला आणखी दोन दिवस लागतील असं दिसतंय. ती दर अर्ध्या तासाने जाऊन पाय दाबून बघते.

चहाटळ
कानांना चिमटे?! संपादक, प्राण्यांवरच्या क्रूरतेचा धागा कुठेय?